शुभेच्छुकांची नगरी

2019 साली शिवजयंतीनिमित्त मंगेश निपाणीकर यांनी निलंग्यात सुमारे 6 एकर रानात हिरव्या पिकातून छत्रपतींची जी प्रतिमा साकारली, ती समग्र पाहावयाची तर दृष्टीला आकाशात चढणे प्राप्त होते. उलट, ज्यांच्या पराक्रमाची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, त्या भावी नगरसेवकांच्या सुहास्य मुद्रा खांबाखांबावरील फलकांतून विनासायास दर्शन देतात. त्याच निलंग्यातील नीलकंठेश्वर मंदिराच्या भिंतींवर सुरसुंदरी कोरणाऱ्यांची नावे गावात कोणी सांगत नाही. वाढदिवसाच्या फलकावर मात्र शुभेच्छुक म्हणून अख्खी गल्ली, छायाचित्रांसह, हजर! सार्वजनिक जागांच्या विद्रूपीकरणास मनाई करणारा कायदा राज्यात 1995 पासून आहे, हे खरे. परंतु त्याची अंमलबजावणी बहुधा वाढदिवस उलटल्यावर सुरू होते, आणि तोवर दुसऱ्या कोणा साहेबांचा जन्मदिन येऊन ठेपलेला असतो.