आंबागडच्या बुरुजावरील पिंपळास अनावृत पत्र

प्रति,
श्री. पिंपळभाऊ,
मुक्काम आंबागड किल्ला, ता. तुमसर, जि. भंडारा.

विषय : आपल्या मुळांनी केलेल्या भरीव कार्याबद्दल समितीच्या वतीने अभिनंदन.



हे पत्र तुम्हाला मागच्या आषाढातच मिळायचे. मसुदा तयार होता. पण मसुद्याला मंजुरी लागते, मंजुरीला सभा लागते, सभेला कोरम लागतो, आणि आषाढ-श्रावणात भंडारा जिल्ह्यातला कोरम धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभा असतो. रोवणी आटोपली की पोळा, मग गणपती, मग दिवाळी आणि धानाची कापणी. भाऊबीजेपासून तर गावोगाव मंडईची जत्रा आणि नाटके. त्या दिवसांत आमचे अध्यक्ष कुठल्या ना कुठल्या नाटकाचे उद्घाटक असतात, कार्याध्यक्ष सहउद्घाटक असतात आणि मी, मानद सचिव, पत्रिकेच्या तळाशी 'विशेष उपस्थिती'त असतो. पिंपळभाऊ, हे सगळे तुम्ही वरून बघताच. एवढ्या काळात तुम्ही मात्र रजा न टाकता वाढत होता, म्हणून हे अभिनंदन.

तुमचा पत्ता मोठा मानाचा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या काळात, सतरावे शतक सरता-सरता, त्याचा सुभेदार राजा खान पठाण याने हा किल्ला बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. किल्ल्यातल्या विहिरीचे सडके पाणी पाजून कैद्यांना संपवत, अशी आठवण जुन्या गॅझेटियरात नोंदलेली आहे. राजा खानाने कामाला हात घातला तेव्हा संवर्धन समिती नव्हती. किल्ला पुरा झाला तो बहुधा त्यामुळेच.

आता आमची ओळख. समितीचे नाव छापत नाही, कारण नावावरूनच वाद आहे. नावात 'किल्ला' आधी की 'वारसा' आधी, हे अद्याप ठरलेले नाही. बाकी सगळे रीतसर आहे. 1860च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे निदान सात माणसे लागतात. सात जमली. सातही जणांना पद हवे होते, म्हणून पदे अकरा केली आणि आणखी चार माणसे आणली. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष, संघटक, प्रसिद्धिप्रमुख, सल्लागार, मार्गदर्शक. नुसता सदस्य कोणीच नाही. त्यामुळे 'सदस्यांनी विळे घेऊन सकाळी सातला गडाच्या पायथ्याशी जमावे' असा ठराव झाला, तेव्हा तो नेमका लागू कोणाला होतो हेच कळेना.

सभेची नोटीस मात्र आम्ही फार देखणी काढतो. विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा विषय : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. आणि खाली बारीक अक्षरात : कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला कोरमची आवश्यकता राहणार नाही. या एका वाक्यावर महाराष्ट्रातल्या किती संस्था तगून आहेत! आमचे लोक तर थेट तहकूब सभेलाच येतात. चौघे जण पोहे खाऊन साऱ्या जिल्ह्याच्या इतिहासाचे भवितव्य सर्वानुमते मंजूर करतात आणि प्रोसिडिंगवर बाकीच्यांच्या सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. इतिवृत्त कायम करता-करता दिवेलागण होते. तुमचा विषय नववा असल्याने तो पुढच्या सभेवर जातो.

एकदा तो चुकून सभेपुढे आला होता. त्या वेळी तुम्ही दोन दगडांच्या फटीत बोटाएवढे होता आणि चिमटीत धरून उपटता आला असता. पण पिंपळ तोडायचा म्हटल्यावर सल्लागारांनी मुंजाचा मुद्दा काढला. धार्मिक बाजू तपासायला त्रिसदस्यीय उपसमिती नेमली. निमंत्रक कोण, या प्रश्नावर उपसमितीचे दोन तुकडे पडले. 1999च्या महाराष्ट्र दिनी गोंदिया आमच्यापासून वेगळा झाला, तेव्हा एवढी कटुता नव्हती. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही मनगटाएवढे झालात. मग एका उत्साही मंडळाने कुऱ्हाडीने तुमचा शेंडा उडवला, फोटो काढला, बातमी छापून आणली. तुम्ही खालून चार फांद्या फोडल्या आणि मुळे आणखी आत सारली. आज तुम्हाला ओढून काढायचे तर तुमच्याबरोबर चिरेही येतील. आता तुम्हाला बुंध्याशी कापून, मूळ जागीच मारून, फट चुन्याने भरून घ्यावी लागेल आणि त्यासाठी जाणता कारागीर व पैसा दोन्ही लागतील. चिमटीतले काम अंदाजपत्रकावर गेले. याला आम्ही संस्थेची प्रगती म्हणतो.

पैशावरून चेंज रिपोर्ट आठवला. तुम्हाला हा प्रकार ठाऊक नसेल. 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागते. मागच्या निवडणुकीनंतर आमच्याकडून दोन कळवण्या गेल्या, कारण निवडणुकाही दोन झाल्या : एक सभागृहात आणि दुसरी बाहेरच्या चहाच्या टपरीवर. दोन्ही गटांकडे नोटीस, इतिवृत्त, सूचक, अनुमोदक सगळे आहे. एकमेकांवर हरकती आहेत, तारखा आहेत. निकाल लागेपर्यंत धर्मादाय कार्यालयाच्या शेड्युल एकवर जुनीच नावे. त्यांतले कोषाध्यक्ष कैलासवासी झाले आहेत, परंतु कागदोपत्री त्यांची सही अजून चालू आहे. बँक जिवंत माणसाची सही घ्यायला तयार नाही.

अशात कोणीतरी शासनाची 'महाराष्ट्र वैभव' ही योजना वाचून आले. राज्य संरक्षित स्मारक एखाद्या संस्थेला करार करून संगोपनासाठी घेता येते. नळदुर्ग सोलापूरकडच्या एका कंपनीने असाच घेतला होता. टाळ्या पडल्या. करारावर सही कोणत्या सचिवाची, एवढाच प्रश्न उरला. तो अजून उरला आहे.

कायद्याला हसू नये. सात माणसे, हिशेब, ऑडिट, 90 दिवस या अटी कोणी उगाच घातलेल्या नाहीत. लोकांचा पैसा एका माणसाच्या खिशात जाऊ नये म्हणून त्या आहेत. आमच्याकडे तो कोणाच्याच खिशात जात नाही, भिंतीतही जात नाही. खात्यावर व्याज खात पडून आहे. याला अपहार म्हणता येत नाही, म्हणून त्यावर कोणी बोलतही नाही.

बरे, पैसा सुटला तर काय होईल, याचीही मला धास्ती वाटते. समितीचा कल सुशोभीकरणाकडे आहे. दरवाजाला ऑइल पेंट, बुरुजाला सिमेंट, वाटेत सेल्फी पॉइंट. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंट थापले की आत शिरलेले पाणी आतच कोंडते आणि मग दगड पोपडे धरतो. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय असा हात फिरवणे हा गुन्हाही आहे. पिंपळभाऊ, या एका बाबतीत आमचा कोरम न होणे हीच गडाची तटबंदी समजा.

सुशोभीकरणाला वाव नसला की काय होते, ते आमच्याच जिल्ह्यातल्या पवनीत बघा. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. व्यासाने सांचीच्या मोठ्या स्तूपाला मागे टाकेल असा स्तूप निघाला. मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले, ब्राह्मीत नावासकट. एवढे असून आमच्या अकरा पदाधिकाऱ्यांपैकी एकालाही त्या टेकडीची ओढ नाही. फोटोत ती टेकडीच दिसते, आणि टेकडीपुढे उभ्या राहिलेल्या अध्यक्षांना कोणी लाइक करत नाही.

आणि वारशाच्या उपेक्षेचे हे दुखणे आजचे नाही. जेम्स डग्लस नावाच्या लेखकाने 1883च्या पुस्तकात रायगडाची दैना लिहिली. शिवाजी महाराजांच्या समाधीशी माजलेल्या रानात तुमचेच भाऊबंद फरशी फोडून उभे होते. ते वाचून महाराष्ट्राला लाज वाटली. 1895मध्ये लोकमान्यांनी 'केसरी'तून हाक दिली, पुण्यात हिराबागेत सभा झाली, फंड जमला, कमिट्या झाल्या. समाधीचा जीर्णोद्धार पुरा व्हायला 1920चे दशक उजाडले. त्याच 1895 साली इंग्लंडात ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली या तिघांनी नॅशनल ट्रस्ट काढला. पुढच्याच वर्षी त्यांनी आल्फ्रिस्टन गावातले एक मोडकळीला आलेले जुने घर दहा पौंडांना घेतले. त्यांच्याकडे परके राज्य नव्हते, हे आपल्या बाजूने म्हणता येईल. पण कमिट्यांचा सोस त्यांनाही चुकला नाही. पन्नासवर माणसांच्या कौन्सिलने कारभार हाकता येईना, तेव्हा 2005च्या सुमारास त्यांनी तो बाराएक विश्वस्तांच्या हाती दिला. आणि मुख्य म्हणजे झुडपे काढणारे हजारो स्वयंसेवक तिथे कोणत्याही मंडळावर नसतात. ठरवणारे वेगळे, काढणारे वेगळे. आमच्याकडे काढणारा एखादा निघाला तर त्याला आधी सहसचिव करतात. मग तोही इतिवृत्त कायम करत बसतो.

तेव्हा पिंपळभाऊ, निश्चिंत असा. तुम्हाला कोरम लागत नाही, ऑडिट नाही, चेंज रिपोर्ट तर नाहीच. आपल्या अनुभवाचा समितीला लाभ व्हावा म्हणून रिक्त होऊ घातलेल्या कार्याध्यक्षपदासाठी मी आपले नाव सुचवीत आहे. अनुमोदकाचा शोध चालू आहे.

आपला,
मानद सचिव
(चेंज रिपोर्ट प्रलंबित)

ता. क. – हे पत्र पिंपळाव्यतिरिक्त कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी : पावसाळा सरल्यावर भिंतीत उगवलेली नवी रोपे मुळासकट हाताने निघतात. राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाकडून आधी लेखी परवानगी घ्या, कोणती रोपे काढायची हे तिथल्या माणसाकडून समजून घ्या, दगड हलवू नका, आणि धानाची कापणी लागण्याआधी एक सकाळ काढा. आमच्या सभेची वाट पाहू नका.