सोळा थर, व्हाया आंबोली

पुण्याहून गोव्याला जायफळ घेऊन जाणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि माझं त्याच्याशी रीतसर लग्न झालेलं आहे. जायफळ कोकणात झाडाला लागतं, गोव्यातही लागतं, आपण जाणार त्याच वाटेवर त्याच्या बागा आहेत, हे मी सांगून पाहिलं. "ते ताजं असतं. प्रमाण चुकेल," असं म्हणून त्याने जायफळाची पुडी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, तापमापक आणि एक्सेलमध्ये काढलेला तक्ता एवढी सामग्री डिकीत नीट रचली. कपड्यांच्या बॅगांना उरलेली जागा मिळाली.

माझी कॉलेजातली मैत्रीण बार्देशातल्या एका गावात सासरी नांदते. "नाताळाला या ना एकदा," हे तिचं दर वर्षीचं पालुपद. या वर्षी आम्ही हो म्हणालो, आणि फोन ठेवता ठेवता नवरा म्हणाला, "बेबिंका यंदा मी करणार. घरी. सोळा थरांची." पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग मैत्रीण म्हणाली, "बरं." पुण्यातली माणसं 'बरं' म्हणून विषय संपवतात. हे 'बरं' ऐकून मला विषय सुरू झाल्यासारखा वाटला.

ज्यांनी बेबिंका फक्त दुकानातल्या खोक्यात पाहिली आहे, त्यांना त्यातलं संकट कळायचं नाही. साहित्य साधंच. अंड्यातले पिवळे बलक, नारळाचं दाट दूध, साखर, मैदा, जायफळ आणि तूप. तुपाचं प्रमाण वाचतानाच डॉक्टर आठवतो. हे सगळं कालवून त्यातलं पळीभर भांड्यात ओतायचं आणि विस्तव झाकणावर ठेवून भाजायचं, म्हणजे आच वरून. वरचा भाग तांबूस झाला की चमचाभर तूप, मग दुसरी पळी, पुन्हा विस्तव. एक थर झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही, हा एवढाच नियम, आणि सगळी पदार्थविद्या त्यातच आहे. निदान सात थर तरी हवेत. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या बेबियाना नावाच्या जोगिणीने ही पहिल्यांदा केली, अशी दंतकथा सांगतात. जोगिणींचे झगे कडक करायला अंड्यांचा पांढरा भाग जायचा आणि बलक उरायचे. त्यांचं तिने सात थरांचं पक्वान्न केलं, लिस्बनच्या आणि जुन्या गोव्याच्या सात टेकड्यांच्या नावाने. ते पाद्रींना दिलं, तर त्यांना फारच चिमुकलं वाटलं, म्हणून थर सोळा झाले. दंतकथा खरी असो वा नसो, करणारी एक आणि 'अजून थोडं हवं होतं' म्हणणारे दुसरेच, हा भाग मला पूर्ण विश्वसनीय वाटतो.

२०२३ साली गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं. ती बातमी वाचल्यापासून नवऱ्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

माझ्याकडे काम सोपं होतं, निदान तसं वाटलं होतं. मैत्रिणीच्या सहा वर्षांच्या लेकीला भेट. मैत्रिणीच्या अटी अशा: सेल नको, आवाज नको, चिकट काही नको, आणि शंभर तुकड्यांचं तर मुळीच नको, कारण ते शेवटी घरातल्या कुत्र्याच्या पोटात जातात. लेकीची अट एकच होती, 'वाड्यावर कोणाकडे नसेल असं.' या सगळ्या अटींत बसणारं गाव एकच, सावंतवाडी. म्हणून आमचा रस्ता निपाणी, आजरा, आंबोली असा ठरला.

डिसेंबरात या रस्त्याने जाणाऱ्याने उसाशी आधीच बोलून घ्यावं. गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि प्रत्येक वळणावर एक ट्रॅक्टर, त्याच्या मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर चारी दिशांना लोंबणारा ऊस आणि ट्रॅक्टरवर कर्ण्यातून वाजणारं लग्नाचं गाणं, अशी मिरवणूक चालू असते. तिच्यामागे वऱ्हाडी म्हणून आम्ही. नवऱ्याने तेवढ्यात तक्ता समजावून सांगितला. सोळा थर, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे पाच तास वीस मिनिटं. "संध्याकाळी पाचला सुरू केलं की साडेदहाला ताटात," तो म्हणाला आणि त्याच दमात पुढच्या ट्रॉलीला चौथ्यांदा हॉर्न दिला. वीस मिनिटं एका ट्रॉलीमागे शांत बसू न शकणारा माणूस सोळा वेळा वीस मिनिटं विस्तवाकडे बघत बसणार होता. मी काही बोलले नाही. ऊस बघत राहिले.

आंबोलीत पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसते, डिसेंबरात ऊठबस करायला माकडंच तेवढी. चहा घेतला, घाट उतरलो.

सावंतवाडीत मोती तलावाला वळसा घालून चितार आळीत शिरलं की दुकानांच्या दारात भाजी मांडलेली दिसते, आणि ती भाजी नसते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची वांगी, मिरच्या, सीताफळं, केळ्यांचा घड, कापलेलं कलिंगड. वांग्याच्या देठाला काटेसुद्धा रंगवलेले. मी एक पेरू उचलला तर तो इतका हलका की हात अपेक्षेपेक्षा वर गेला. ही फळं मुंबई-पुण्याच्या किती दिवाणखान्यांत पाहुण्यांना फसवत बसली असतील देव जाणे.

"काय व्हया, ताई?" दुकानातल्या काकांनी विचारलं.

मी भातुकली मागितली. त्यांनी एकेक काढून फळीवर मांडली. चूल, जातं, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, पोळपाट-लाटणं, परात, पाण्याचा पिंप. पाट्यावर टाकी दिल्यासारखे बारीक ठिपके होते, जात्याचा खुंटा अंगठ्याने फिरत होता. माझं समाधान झालं होतं. नवऱ्याचं होईना. तो फळीवर वाकून म्हणाला, "यात विस्तव वर ठेवायची सोय नाही."

काकांनी चष्मा कपाळावर नेला. "विस्तव वर? मगे खाली काय?"

"खाली काही नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी बायकोकडे पाहायची पद्धत सगळीकडे सारखीच असते. मी बेबिंकेचा खुलासा केला. "म्हणजे गोंयात चललास," ते म्हणाले, आणि त्यांना एकदम सगळं पटलं. आतून एक गोल ठोकळा आणला, मुठीएवढा, बहुधा कशाचं तरी झाकण व्हायचा राहिलेला. पिवळा रंग दिला. तो जरा सुकला तसा ठोकळा डाव्या हातात धरून बोटांनी गरगर फिरवला आणि उजव्या हातातला बारीक ब्रश कडेला नुसता टेकवला. तपकिरी रेघ गोल फिरून स्वतःच्या शेपटीला येऊन मिळाली. मग त्याखाली दुसरी.

"किती?"

"सोळा," नवरा म्हणाला.

काकांनी मोजून सोळा दिल्या. हात कुठे थांबला नाही, रेघ कुठे जाड झाली नाही. वाळवायचा वेळ धरून पाऊण तास. नवरा हे सगळं डोळ्यांदेखत पाहत होता, पण त्याने त्यातून काही घेतलं नाही.

पत्रादेवी ओलांडून म्हापशाला पोचलो तेव्हा बाजाराला नाताळ चढला होता. कागदाचे तारे, गोठ्यासाठी मातीची बाळं, मेंढरं, तीन राजे, दोदोलचे काळेभोर तुकडे, चोरिसांच्या माळा. नवऱ्याने अंड्यांच्या दुकानी जाऊन, फक्त बलक मिळतील का, अशी चौकशी केली. "आनी धवें कोणाक?" दुकानदाराने विचारलं. पांढरं कोणासाठी, हा प्रश्न पुढे दोन दिवस आमच्या मानगुटीवर बसणार होता, त्याची ही पहिली सूचना.

घरी पोचल्यावर मैत्रिणीच्या त्या 'बरं'चा उलगडा झाला. मैत्रिणीच्या सासरी नेवऱ्या घरी होतात, कुलकुलं घरी होतात, चणाडाळीचा दोस घरी होतो, दोदोल तर आदल्याच दिवशी मोठ्या कढईत घोटून झाला होता. बेबिंका मात्र पलीकडच्या वाड्यावरच्या एका बाईंकडून येते. कित्येक वर्षांची ऑर्डर. "आमच्याकडे कोण करतं गो?" मैत्रिणीच्या सासूबाई म्हणाल्या. "एवढा वेळ कोणाक आसा?" गोव्यातली पट्टीची गृहिणी जे विकत आणते ते घरी करायचा हट्ट फक्त पाहुण्यालाच परवडतो. पर्यटक म्हणून आपण समुद्रात पडतो त्याचा त्यांना त्रास नसतो. आपण त्यांच्या स्वयंपाकघरात पडलो की खरा त्रास सुरू होतो.

पण माउली मनाने मोठी. ओव्हनला बोलिन्ह आणि बाटकची रांग लागली होती, २४ तारखेच्या रात्रीपर्यंत एकही जागा मोकळी नव्हती. तेव्हा त्यांनी माळ्यावरून मातीचं पसरट भांडं काढून दिलं, परसात तीन दगड मांडले, करवंट्या आणि सोडणं ढिगाने आणून टाकली. "कर, पुता," म्हणाल्या. नवऱ्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं परंपरेने आपल्याला निवडलं. परंपरेने फक्त ओव्हन वाचवला होता.

आधी नारळ. आदोळीवर बसून खोवायचे, वाटायचे, पिळायचे आणि पहिला दाट रोस तेवढा घ्यायचा. या कामात मात्र तो खरंच रमला. चव पांढरीशुभ्र, करवंटीचा एक काळा कण नाही. मग बलक वेगळे झाले आणि उरलेल्या पांढऱ्याचं पातेलं भरलं. त्या रात्री सगळ्यांना पांढरं आमलेट. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पांढरं आमलेट. दुपारी कुत्र्याला पांढरं आमलेट, त्याने वास घेऊन आमच्याकडे सावंतवाडीच्या काकांसारखं पाहिलं. जोगिणींची युक्ती आठवून मी नवऱ्याच्या झब्ब्याला खळ द्यायचं सुचवलं, ते कोणी मनावर घेतलं नाही.

इकडे भातुकलीची लपवाछपवी. कागद गुंडाळून तारा चिकटवलेलं खोकं मैत्रिणीच्या कपाटात ठेवलं होतं, पण लाकूड आत खुळखुळतं. पोरगी कपाटाशी कान लावून बसायची. "बदाम?" "नाही." "हाडां?" हाडं कोण भेट देतं, असं विचारलं तर म्हणाली, कुत्र्याला देतात.

२४ च्या संध्याकाळी पहिला थर पडला. तक्ता भिंतीला टेकवून ठेवला होता, पण विस्तवाला वाचता येत नसावं. करवंटी भसकन पेटते आणि तितक्याच चटकन राख होते, सोडण धुमसत बसतं. पहिला थर वीस मिनिटांत करपला, दुसरा चाळीस मिनिटांनी हलत होता. "जाला?" तो दर पाच मिनिटांनी झाकण उचलायचा. सासूबाई दारातूनच म्हणायच्या, "जांवक ना. राव." झाकण उचललं की आच पळते, हे त्यांनी तीनदा सांगितलं, मग सांगायचं सोडून दिलं. दहा वाजले तेव्हा तो सहाव्या थरावर होता. साडेअकराला सगळं घर नवे कपडे घालून मध्यरात्रीच्या मिसेला निघालं. विस्तव सोडून येता येईना, म्हणून तो कुत्र्यासोबत परसात राहिला.

मी मिसेला गेले. चर्चबाहेर वाड्यावरच्या पोरांनी गोठा केला होता. खरं गवत, खरं वाहतं पाणी आणि डोंगरावर प्लास्टिकचा एक डायनोसॉर. तीन राजांच्या जरा मागे. कोणीतरी मनापासून दिलेला असणार.

परतलो तेव्हा पळ्यांचा आकार वाढलेला दिसला. मोजून ओतायचे दिवस संपले होते. पहाटे कधीतरी शेवटचा थर झाला.

नाताळच्या सकाळी बेबिंका उपडी केली, गार झाल्यावर उभी कापली. आधीचे थर कागदासारखे, नंतरचे रस्त्याच्या डांबरासारखे, पण चव, खरं सांगते, चांगली होती. धुराचा जो हलका वास त्यात उतरला होता तो खोक्यातल्या बेबिंकेला यायचा नाही. तोवर पोरीने खोकं फोडलं होतं. जातं, पाटा, चूल बाजूला टाकून तिने लाकडी बेबिंका उचलली आणि खऱ्या तुकड्याशेजारी धरली. मग बोट टेकवून मोजायला लागली. आधी लाकडी, मग खरी, मग पुन्हा खरी.

"ह्यांत सोळा," ती म्हणाली. "तातूंत बारा."

"दोन-तीन एकमेकांत मिसळलेत," नवरा म्हणाला. "भाजताना होतं असं."

"चार," पोरगी म्हणाली.

दुपारी शेजारपाजारी ताटं गेली. नेवऱ्या, दोस, दोदोल आणि कडेला आमच्या बेबिंकेचा एकेक तुकडा. हिंदू शेजाऱ्यांकडेही गेली, चतुर्थीला तिकडून येतात तशीच. एक ताट पलीकडच्या वाड्यावरच्या त्या बाईंकडे न्यायचा आग्रह नवऱ्याने धरला. स्वतः गेला. मी बरोबर गेले, कारण असल्या प्रसंगी साक्षीदार लागतो.

बाईंनी तुकडा उजेडात धरला, थर पाहिले, पण मोजले नाहीत, हा त्यांचा सज्जनपणा. एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"रोस कोणी काडलो?"

"मी," नवरा म्हणाला.

"बरो काडला." त्यांनी ताट खाली ठेवलं आणि आतून कसलीशी वही आणली. नवीन वर्षाच्या ऑर्डरी होत्या, आणि नारळ खोवणाऱ्या पोराने ऐन वेळी दांडी मारली होती. थर त्या बघतील, त्यांनी स्पष्ट केलं. याने फक्त खोवायचं आणि पिळायचं. सकाळी सातला यायचं.

घरी येताना नवऱ्याची मान ताठ होती. पुण्याला फोन लावून त्याने रजा वाढवली, कारण विचारलं तर 'प्रशिक्षण' म्हणाला, आणि मग मला विचारलं, डिकीत आदोळी मावेल का.