बिनवायरीचा दिवा

हॉटेलांच्या खोल्या सजवून देणाऱ्या कंपन्यांसाठी छायाचित्रे काढणे हा माझ्या चरितार्थाचा व्यवसाय आहे, हे ऐकताच समोरच्या गृहस्थाच्या मुद्रेवर जी असूया उमटते, ती पाहून मला त्याची कीव येते; कारण पंचतारांकित शय्येच्या सान्निध्यात उभा दिवस काढूनही जिच्यावर क्षणभर टेकण्याची ज्याला सक्त मनाई आहे, असा त्या खोलीतला इसम मीच असतो. टेकले की चादरीला सुरकुती पडते, आणि माझा सहायक वाफेची इस्त्री घेऊन त्या पलंगाभोवती प्रदक्षिणा घालून नुकताच दमलेला असतो.

हॉटेलवाला, वास्तुरचनाकार आणि फर्निचरवाला या तिघांनी एकाच खोलीची छायाचित्रे काढवून घेतली, तर त्या तीन निराळ्या गावांतल्या तीन खोल्या वाटाव्यात. हॉटेलवाल्याला खिडकीबाहेरचा समुद्र हवा असतो, कारण भाडे समुद्राचे असते. रचनाकाराला अवकाश हवा असतो, आणि जमल्यास त्यात फर्निचर नको असते. आमचे फर्निचरवाले शेठ मात्र समुद्राकडे निव्वळ उपद्रव म्हणून पाहतात. त्यांचे म्हणणे अगदीच गैरवाजवी नाही. समुद्र नीट दिसावा असा बेत केला तर व्हिनियरचे वॉर्डरोब अंधारकोठडीत जाते, आणि व्हिनियरच्या रेषा उमटाव्यात अशी तजवीज केली तर समुद्राच्या जागी कोरा कागद उरतो. सबब, कॅमेरा ट्रायपॉडवर जखडून, त्याला तसूभरही न हलवता कमीअधिक उजेडाचे पाचसात फोटो घ्यायचे आणि मागाहून संगणकावर त्यांच्यात तहनामा घडवून आणायचा, असा शिरस्ता आहे. शेजारच्या खोलीत सुताराने त्याच मुहूर्तावर ड्रिल चालवले, की ट्रायपॉड थरथरतो आणि तह मोडतो. सुतार तिथे असणारच. कारण शेवटचा कारागीर बाहेर पडणे आणि पहिला पाहुणा आत येणे यांमधली जी अत्यल्प मुदत आमच्या वाट्याला येते, ती कारागीर कधीच पाळत नाहीत.

त्यात दिव्यांची भाऊबंदकी निराळीच. उशालगतचा दिवा २७०० केल्विनचा पिवळा आणि खिडकीतला दिवस ५५००च्या आसपासचा, त्याच्या तुलनेत निळसर, एकाला न्याय द्यावा तर दुसरा अपिलात जातो, आणि निकाल ऐकून शेठ विचारतात, “अहो साहेब, आपलं लॅमिनेट अक्रोडाचं आहे ना? मग हे आंब्याच्या लाकडाचं कसं दिसतंय?” खोली ऐसपैस दिसावी हाही त्यांचाच हुकूम, पण त्यासाठी फारच रुंद कोनाची लेन्स लावली, तर चौकटीच्या कडेला असलेले गोल स्टूल अंड्यासारखे लांबोडे होते आणि शेठ स्टुलाची बाजू घेऊन भांडू लागतात. म्हणून मी आपला चोवीस मिलिमीटरपाशी थांबतो.

खोली मोठी भासावी म्हणून सजावटकारांनी आरशांची जी खैरात केलेली असते, तिच्यामुळे छायाचित्रकारास खोलीत लपायला जागा म्हणून उरत नाही. बंद दूरदर्शनसंचाची काळी काचदेखील माझी साक्ष देते. स्नानगृहाचे चित्रण मी बहुतेक वेळा कोरड्या टबात, अंग चोरून उभा राहून केलेले आहे.

मग सुरू होते जप्ती. किटली, कचऱ्याची टोपली, आगीच्या वेळी कोणत्या जिन्याने पळावे याचा नकाशा, हे सर्व उचलून बाहेरच्या बोळात जमा होते. आरामखुर्ची कॅमेऱ्याकडे इतकी सरकवायची, की लेन्समधून ती टेबलाशी सलगी करताना दिसावी आणि प्रत्यक्षात तिच्यात बसणाऱ्याचा हात टेबलापर्यंत पोहोचू नये. दिव्याची वायर पायामागे चिकटपट्टीने दडवायची आणि तरीही डोकावलीच तर संगणकावर पुसायची. माझ्या चित्रांतले दिवे वर्षानुवर्षे विनावायर तेवत आहेत. खोली अशी निर्मनुष्य झाली, की शेठना ती ओकीबोकी वाटते, आणि पलंगावर एक अर्धवट उघडे पुस्तक व गार कॉफीचा पेला ठेवण्याचे फर्मान सुटते. पाहुणा नको, पाहुण्याचा दाखला मात्र हवा!

ज्यूलियस शुलमन या विख्यात छायाचित्रकाराने १९६० साली लॉस एंजेलिसमधल्या एका काचेच्या घराचे जे चित्र काढले, त्यात शहराच्या दिव्यांवर तरंगणाऱ्या त्या दिवाणखान्यात दोन तरुणी गप्पा मारीत बसल्या आहेत, आणि त्यांच्यामुळेच ते घर राहण्याजोगे वाटते. ते चित्र मी मोठ्या उमेदीने शेठना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “बायका जरा बाजूला बसल्या असत्या तर खुर्च्या दिसल्या असत्या.”

पुढे एका पाहुण्याने हॉटेलच्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार गुदरली, की चित्रात आरामखुर्चीपाशी जळणारा दिवा प्रत्यक्षात खुर्चीपाशी नेता येत नाही, कारण त्याची वायर हातभर तोकडी आहे. व्यवस्थापकाने ती शेठकडे रवाना केली, शेठनी माझ्याकडे. मी खुलाशाचा मसुदा करीत होतो, तोच त्यांचा फोन आला.

“साहेब, खुलासा राहू द्या. दिवा उचलून खुर्चीपाशी न्यायला निघाला होता, म्हणजे खुर्ची मनात भरली ना त्याच्या? तिचा एक जवळून फोटो काढून द्या. दिवा नको.”