अनवाणी, पण महागडे

यांना ओळखायचं तर चेहरा बघू नये, पाय बघावेत. पायांत एक रबरी प्रकार असतो, त्याला दहा बोटांचे दहा सुटे कप्पे. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, मुक्काम पोस्ट पुणे, नोकरी संगणकाची. पावसाळ्यात आंबोलीच्या जंगलात चिखलातली शर्यत ठरली की आदल्या संध्याकाळी गृहस्थ बाजारातल्या चहाच्या टपरीवर हजर. चहा बिनसाखरेचा, बिनदुधाचा, आलंही नको. ‘कमीत कमी’ हा यांचा धर्म आणि त्याचा प्रसार हे यांचं व्रत.

पहिला प्रयोग बाकावरच होतो. पायातला बूट काढून ते तो विड्याच्या पानासारखा गुंडाळून दाखवतात. “बघा, तळवा फक्त चार मिलिमीटर. टाच आणि चवडा एका पातळीत. पायाला जमीन कळली पाहिजे!” किंमत विचारू नये. विचारलीच, तर तेवढ्यात टपरीवाल्याच्या अख्ख्या घराच्या पावसाळी चपला येतील आणि वर छत्र्याही. बुटातून एकेक गोष्ट काढत जायची आणि दर वेळी किंमत वाढवायची, हे गणित कोकणातल्या कुठल्याच दुकानदाराला अजून जमलेलं नाही.

“साहेबानू, ह्यां काय ओ पायात? मोजे काय बूट?” टपरीवाले काका विचारतात.

“मिनिमलिस्ट, काका. अनवाणी धावल्यासारखंच वाटतं.”

“मगे अनवाणीच धावा मां. पैशे कित्याक घालवलास?”

या प्रश्नाला उत्तर नाही, पण व्याख्यान आहे. २००९ साली ख्रिस्तोफर मॅकडूगलचं ‘बॉर्न टू रन’ आलं आणि टायरच्या चपला घालून दऱ्याखोऱ्यांत धावणारे मेक्सिकोतले ताराहुमारा आदिवासी यांचे कुलपुरुष झाले. पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की सवयीने अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यांच्या पायाला दणका कमी बसतो. मग १९६०चं रोम ऑलिंपिक येतं. अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन धावला आणि विश्वविक्रमासह जिंकला, हे सांगताना यांचा आवाज कापतो. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून आणखी वेगात धावला आणि पुन्हा जिंकला, तिथे मात्र व्याख्यानाची वेळ संपलेली असते. पाच बोटांचे बूट विकणाऱ्या विब्रमने पाय बळकट होण्याचे दावे केले, त्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१४ साली साडेसदतीस लाख डॉलरवर तडजोड करावी लागली, हेही यांच्या वाचनातून नेमकं निसटलेलं असतं.

आपल्याकडचा दाखला म्हणजे मिलिंद सोमण. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नवऱ्याच्या तपासण्यांच्या खर्चासाठी नऊवारीत अनवाणी धावलेल्या लता करे यांचं नाव काकांनी काढलं, की हे आदराने मान हलवतात आणि विषय बदलतात. त्या धावण्यामागे तत्त्वज्ञान नव्हतं ना!

सकाळी शिट्टी होते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा यांच्या वाट्याला त्याच दिवशी येतो. पहिला किलोमीटर झकास जातो. चवड्यावर उतरणं, छोटी पावलं, ताठ पाठ, सगळं पोथीनुसार. मग उतार लागतो. चिखलात पाय रोवायला तळव्याला खोल दात लागतात. इथे तळवाच नावापुरता, दात कुठून आणायचे? गृहस्थ उतार बसून उतरतात. बोटांच्या कप्प्यांत लाल चिखल भरतो, त्यातच एखादी जळू मुक्कामाला येते. पुढे जांभ्याचा सडा. खालून धारदार, वरून शेवाळलेला. पायाला जमीन आता फारच कळू लागते. तेवढ्यात गावातला एक पोरगा शाळेच्या पीटीच्या बुटांत बाजूने निघून जातो. जाताना “काका, सांभाळून” एवढंच म्हणतो, आणि ते चिखलापेक्षा जास्त लागतं.

शर्यत संपल्यावर काका जळवेवर मीठ टाकतात, गरम भजी पुढे ठेवतात. “बुटाचा दोष नाही,” गृहस्थ दुसरी प्लेट मागवत सांगतात, “माझा फॉर्म चुकला. पुढच्या वर्षी नुसत्या दोरीच्या सँडल घालून येतो.” त्या सँडल आणखी पातळ आणि अर्थातच आणखी महाग.

एक मान्य करायला हवं. हा माणूस मोटार उभी करून, काच खाली घेऊन आंबोली ‘बघत’ नाही. तो तिच्यात घसरतो, रक्त देतो, पुन्हा येतो. पातळ तळव्याची सवय पायाला महिनोन् महिने हळूहळू लावावी लागते, एवढं त्याने नव्या चेल्यांना सांगितलं, तर अस्थिरोगतज्ज्ञांचा धंदा थोडा कमी होईल, बस्.

आणि जमीन कळली पाहिजे म्हणता, तर तिच्यावर कोण राहतं तेही कळू द्या. याच जांभ्याच्या सड्यावर आंबोली टोड राहतो. २००९ साली शास्त्राने नोंदवलेला, नष्ट होण्याच्या टोकाला आलेला हा इवलासा जीव या परिसराबाहेर जवळपास कुठेच सापडत नाही. पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. तेव्हा पायात दहा हजारांचं घाला नाहीतर काहीच घालू नका, सड्यावर डबकं दिसलं की वळसा घाला.