मुकी पेटी

मिडी कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो, हे जन्मभर पेटी वाजवलेल्या माणसाला पटवणं फार कठीण. पुतण्याने आमच्या चिखलीच्या घरात तो टेबलावर मांडला, तेव्हा भजनी मंडळाचे अण्णा बघायला आले. उजव्या हाताने त्यांनी सा धरला आणि डावा हात सवयीने मागे भाता चाचपू लागला. वाजलं काहीच नाही.

"बाप्पा! एवढे पैसे देऊन मुकी पेटी कायले आणली?"

पुतण्याने समजावलं, "अण्णा, हा किराणा दुकानात धाडायच्या यादीसारखा आहे." मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे साठ नंबर, ती दाबली, एवढ्या जोराने दाबली, आता सोडली, एवढाच निरोप तो पाठवतो. सामान काढून देतो संगणक. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने 1983 मध्ये एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी मिडी ही एकच बोली मान्य केली, आणि ती अजून चालते. आमच्या गल्लीत दोन गणपती मंडळांचं एका लाउडस्पीकरवर एकमत होत नाही, म्हणून मला याचं विशेष वाटतं.

पट्टी किती जोरात दाबली ते 1 ते 127 असं मोजतात. अण्णांचा आकडा कायम शंभराच्या वर. पेटीत पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज लहानमोठा करतो तो भाता. आता या वयात ते काम बोटांना कसं शिकवायचं? डावीकडचं चाक मात्र त्यांना फार आवडलं. ते फिरवलं की सूर घसरतो. पेटीतून मींड निघत नाही, हे 1940 साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर घातलेल्या बंदीचं एक मोठं कारण होतं, आणि ती बंदी तीसएक वर्षं टिकली. अण्णांनी तिचा सगळा वचपा एका संध्याकाळी काढला. अभंग कोणता, ते ओळखू येईना.

मग निघाला लेटन्सीचा विषय, म्हणजे पट्टी दाबल्यावर सूर कानी यायला लागणारा उशीर. सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने आणि एका वेळी 512 नमुने साठवणारा बफर धरला, तर त्या बफरपायीच साडेअकरा मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जवळपास चार मीटर जातो. देवळात शेवटच्या रांगेतला टाळकरी पेटीपासून साधारण तेवढाच लांब बसतो. त्याला सूर तेवढा उशिरा पोचतो, आणि त्याचा टाळ अण्णांपर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ. "म्हणजे तो मागं पडते ते हवेपायी?" अण्णांनी विचारलं आणि गप्प झाले. त्या टाळकऱ्याला त्यांनी आजवर किती बोल लावलेत, ते अख्ख्या मंडळाला ठाऊक आहे.

अण्णांचा अभंग ध्वनिमुद्रित करायला माइक लावला, त्याची तऱ्हा वेगळी. माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या इंटरफेसकडून 48 व्होल्ट मिळाले की तो कुकरची शिट्टी, घंटागाडीचं गाणं, पंखा, सगळं भक्तिभावाने ऐकतो. पंखा बंद करणं आम्हाला घाटावर निदान परवडतं. घाटाखाली मलकापूर-शेगावकडे मे महिन्यात पंखा बंद करून कोणी दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचेल असं वाटत नाही. भिंतींसाठी फोम आणायचा बेत होता. आईच्या गोधड्यांनी तो पैसा वाचवला. दोरीवर टांगलेल्या गोधड्या पाहून पाहुणे मात्र विचारतात, ऊन पडलं नाही का तुमच्याकडे?

एवढं करूनही हेडफोनमध्ये एक घुमणं उरलंच. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि अर्थिंग धड नसलं की तो हेलकावा तारांमधून गाण्यात शिरतो. अण्णांनी कानाला हेडफोन लावला, डोळे मिटले. "खर्जातली पांढरी पाच. थोडी चढी हाये." पुतण्याने हिशेब केला: पांढरी पाच 49, घुमणं 50. अण्णांनी लगेच पाचात अभंग लावायची तयारी दाखवली, आयता तानपुरा कोण सोडतो! पण पुतण्याने लॅपटॉपचा चार्जर काढला आणि तानपुरा थांबला.

शेवटी उत्तम ध्वनिमुद्रण झालं ते लाइट गेल्यावर. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेसला वीज त्याच्याच यूएसबीतून; शेजारचा टीव्ही, बोअरची मोटर, पिठाची गिरणी, सगळं एकदम बंद. अण्णांनी अख्खा अभंग एका दमात काढला. अडचण एकच, लाइट गेली की गल्ली ओट्यावर येते आणि गप्पा सुरू होतात. म्हणून मधल्या कडव्यात सोयाबीनचा भाव ऐकू येतो, तोही चांगला स्पष्ट. पुतण्याला तो पुसायचा आहे. अण्णा म्हणतात, भाव बरा होता, राहू दे.

तेव्हापासून आम्ही दोरीवर गोधड्या टांगून, बॅटरी भरून लाइट जायची वाट बघत बसतो. वाट बघायला लागल्यापासून मेली जातच नाही.