शाळा शहराची, फाळा गावचा

मनुष्याने वस्तीसाठी गाव कोणते निवडावे, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांनी फार सोपा करून ठेवला होता. ज्याला वतन होते त्याने वतनाच्या गावी राहावे आणि ज्याला ते नव्हते त्याने जेथे पोटाला मिळेल तेथे बिऱ्हाड करावे, एवढ्यावर तो निकालात निघे. अलीकडे मात्र ज्याच्या पदरी एखादे अपत्य आणि बोकांडी एखादे गृहकर्ज आहे अशा प्रत्येक गृहस्थाला गाव निवडण्याचा छंद जडला असून, शाळा उत्तम असावी आणि घरफाळा अल्प असावा, या त्या निवडीच्या दोन कसोट्या सर्वमान्य झाल्या आहेत. या दोन्ही कसोट्यांस उतरणारे स्थळ भूतलावर कोठे आहे याचा शोध माझा भाचा मोठ्या निष्ठेने करीत असतो, आणि मी उभा जन्म सरकारी कचेरीत घालविला असल्यामुळे त्या शोधाचे दप्तर दर रविवारी माझ्याच सोप्यात उघडले जाते.

आम्ही कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचे. बावडा हे नावाने कसबा, वृत्तीने खेडे आणि फाळ्यापुरते शहर आहे. पहाटे गल्लीत म्हशींच्या धारा निघतात, हंगामात राजाराम कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे पोरे उसाची कांडकी ओढीत धावतात, भगवा चौकात उभ्या उभ्या दोन तालमींचा आणि तीन निवडणुकांचा निकाल लागतो. तथापि बिल घेऊन येणारा महापालिकेचा इसम या ग्रामीण वैभवाकडे ढुंकूनही न पाहता आमची गणना नागरिकांत करतो. ते बिल मात्र वाचनीय असते. त्यात सामान्य कर असतो, आग लागल्यास उपयोगी पडावा म्हणून अग्निशमनाचा कर असतो, ज्याच्या दारात तुळशीवाचून दुसरी वनस्पती नाही त्यालाही वृक्षकर असतो, आणि या सर्वांच्या पंक्तीत, १९६२ च्या कायद्यान्वये महापालिका राज्य सरकारसाठी गोळा करीत असलेला शिक्षण कर हळूच मांडी घालून बसलेला असतो. ज्याच्या घरात पाटीपेन्सिल हाती धरणारे एकही पोर उरलेले नाही अशा मजसारख्या वृद्धाच्या हातूनही त्यायोगे विद्यादान घडते. ते स्वखुशीने घडले असते तर पुण्य अधिक लागले असते, एवढेच.

"मामा, नदी वलांडली की फाळा कुठल्या कुठं उतरतोय बघा," असे म्हणत भाच्याने एके दिवशी दप्तरातून नकाशा काढला. त्याचे बोट शिये, वडणगे येथून निघून उचगाव, पाचगाव करीत शहराला प्रदक्षिणा घालून परत आले. १९७२ साली कोल्हापूरची नगरपालिका जाऊन महापालिका आली. पाटी बदलली, पदे वाढली, परंतु हद्दीची रेघ काही हलली नाही. हद्दवाढीचा प्रस्ताव निघाला की आसपासच्या गावांत कडकडीत बंद पाळला जातो, ग्रामसभांचे ठराव होतात, मोर्चे निघतात. अखेर २०१७ साली सरकारने बेचाळीस गावांसाठी एक निराळे प्राधिकरण स्थापून दोन्ही पक्षांना सारखेच असंतुष्ट केले. या गावांचे म्हणणे अगदीच गैरवाजवी आहे असे मी म्हणणार नाही, कारण जी महापालिका आहे त्या हद्दीतले खड्डे बुजवू शकत नाही तिच्या हवाली आपलेही रस्ते का करावेत, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. परंतु सकाळी साडेसहाला शिये रस्त्यावर उभे राहिले म्हणजे दप्तरांनी फुगलेल्या पिवळ्या गाड्या आणि बापाच्या दुचाकीवर टाकी व बाप यांच्या मधल्या अवकाशात झोप पुरी करणारी बालके ज्या संख्येने शहराकडे लोटतात, ती पाहता हद्दवाढ बालवर्गापुरती केव्हाच झालेली आहे, अशी माझी खात्री होते.

"म्हणजे घर तिकडं आणि शाळा इकडं?" मी विचारले.

"तसंच की. शाळा शहराची, फाळा गावचा. नाद खुळा हिशेब हाय, मामा."

हिशेबात एकच कलम राहिले होते, ते म्हणजे पंचगंगा. आमच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे बावड्यातल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होते. २०१९ आणि २०२१ या साली नदीने बावडा-शिये रस्ता पोटात घेऊन अलीकडले व पलीकडले असे दोन स्वतंत्र मुलूख करून टाकले. हरकती व सूचना न मागविता हद्दवाढ करण्याचा अधिकार या जिल्ह्यात एकट्या पंचगंगेला आहे, आणि तिच्यावर मोर्चा नेण्याची सोय नाही. भाच्याने यावर थोडा विचार करून, पुराच्या दिवसांत पोरगे आमच्याकडे राहील, असे कलम परस्पर मंजूर करून टाकले.

त्याची चुलतबहीण अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानात असते. तिकडे शाळा आणि फाळा यांचा विवाह लागलेला असून काडीमोडाची तरतूद नाही. शाळेचा बराचसा खर्च त्या त्या गावच्या घरपट्टीतूनच चालतो, म्हणून जेथे शाळा नामांकित तेथे घरे महाग, आणि त्या संस्थानात तर घरपट्टीची वार्षिक सरासरी दहा हजार डॉलरांच्या आसपास जाते. शिवाय मुलाचे नाव घालताना आपण त्याच गावचे रहिवासी असल्याचे दाखले हजर करावे लागतात. पलीकडच्या गावात राहून अलीकडच्या शाळेत पोर धाडण्याची कोल्हापुरी युक्ती तेथे चालत नाही, हे ऐकल्यावर अमेरिकेविषयी भाच्याच्या मनात जो आदर होता त्याला मोठीच ओहोटी लागली.

वस्तुतः शाळेसाठी पट्टी ही कल्पना आम्हांस साता समुद्रापलीकडून आणावयास नको. ज्यांचे आरंभीचे शिक्षण कागलात आणि कोल्हापुरात झाले त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, आणि त्यात स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी खास पट्टी बसविण्याची मुभा ठेवली. पुढल्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक पडले. शाळा हवी पण पट्टी नको, हा पक्ष आज एकट्या माझ्या भाच्याचा नसून त्याला शंभर वर्षांहून जुनी आणि बरीच प्रतिष्ठित परंपरा आहे. जे कलकत्त्यात पडले ते करवीरात उभे राहिले. आमच्याच बावड्यातल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या शाहू छत्रपतींनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, पुढल्याच वर्षी त्याचा अंमल सुरू केला, आणि जो पालक पोराला शाळेत धाडणार नाही त्यास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही चीज अशी होती की तो वाचविण्यासाठी कुणबी स्वतः पोराला बखोटीस धरून शाळेत नेऊन बसवील.

त्याच करवीरात आज जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत नाव दाखल व्हावे म्हणून पालक पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून रांग धरून बसतात. सतरंजी, थर्मास, डासांची अगरबत्ती असा सारा सरंजाम घेऊन बाप फुटपाथवर निजलेला असतो, आणि घरी गुढी कोणी उभारावी याचा निर्णय फोनवरून होतो. ही शाळा फाळ्यावर चालणाऱ्या महापालिकेची आहे, हे मी भाच्याच्या नजरेस आणून दिले. त्यावर, "म्हणून तर फाळा वेळच्या वेळी वसूल झाला पाहिजे, मामा, थकबाकीदारांवर जप्तीच आणली पाहिजे," असे तो इतक्या तळमळीने बोलला की, हा महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या आपल्या मामाविषयी बोलत आहे, हे ध्यानात यावयास मला थोडा वेळ लागला.

अखेर पलीकडच्या गावात दोन गुंठ्यांचा प्लॉट त्याने मुक्रर केला. इसाराच्या आदल्या दिवशी, शाहू महाराजांच्याच धोरणास अनुसरून मी एक तोड सुचविली: जो कोणी गावचा फाळा भरून शहरच्या शाळेत पोर धाडील त्याजकडून दरमहा एक रुपया दंड घ्यावा, म्हणजे न्यायही होईल आणि परंपराही राहील. भाच्याने तेथल्या तेथे कागदावर आकडेमोड केली. वर्षाचे बारा रुपये आणि पोरगे दहावी होईतोवर एकशेवीस. दोन्हीकडल्या फाळ्यातला फरक पाहता हा दंड त्याला इतका पसंत पडला की सगळी रक्कम एकदम भरण्याची तयारी दर्शवून, मुदतीआधी फाळा भरणाऱ्याला जशी सूट मिळते तशी या दंडावर किती टक्के मिळेल, याची चौकशी त्याने माझ्याकडेच केली.