फाइली चोरीला गेल्या काय वं?

श्टुटगार्ट, रविवार

ती. बाबा आणि आईस सा. न.

पहाटे साडेतीनला बाबांचा फोन म्हटल्यावर काळजात धस्सच झालं. आणि बाबा विचारतात, "फाइली चोरीला गेल्या काय वं?"

चोरी झाली, पण चोर घरातलाच. पेटी भरली म्हणून तुम्ही वर्ध्याच्या कॉम्प्युटरवरचं 'फोटो' हे फोल्डर उडवलंत, आणि इथे माझ्या लॅपटॉपवरून पिंटूचं रांगणं, दात, मुंज सगळं गायब! तुम्हाला वाटतं, क्लाउड म्हणजे कोठीघर, तिथे एक प्रत पडून असते. नाही हो. ती आपल्या मळ्यातली विहीर आहे. इकडून उपसा की तिकडून, पाणी एकच. यापुढे जागा हवी असली की फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'जागा मोकळी करा' म्हणा. ढगाची खूण आली म्हणजे फाइल फक्त वर आहे, हिरवी खूण म्हणजे पेटीतही आहे. नशीब, पुसलेलं 30 दिवस कचरापेटीत राहतं आणि तुम्ही बाराव्या दिवशी ओरडलात.

दुसरा घोळ बबलीच्या लग्नाच्या यादीचा. तुम्ही आणि मोठे काका एकाच वेळी यादीत लिहीत बसलात, म्हणून एकीच्या दोन झाल्या. दुसरीच्या शेपटीला काकांच्या कॉम्प्युटरचं नाव. तुमच्या यादीत हिंगणघाटच्या आत्या आहेत, काकांच्या यादीत नाहीत. यात कॉम्प्युटरचा काही दोष नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पण नावाचा घोळ नाव बदलून मिटतो. सेगावची पत्रं शेगावला जायला लागली, तर 1940 मध्ये बापूंनी गावाचंच नाव सेवाग्राम केलं. तुम्हाला यादीचं नाव बदलवत नाही? (आत्यांना बोलवा. मागचं मागे.)

जास्तीची जागा विकत घ्या म्हटलं, तर म्हणता, दर महिन्याला पैसे कशाला? इथे येऊन बघा! घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही, तरी टीव्ही-रेडिओची वर्गणी दरमहा 18.36 युरो. टीव्ही नाही असं मी कळवलं, तर उत्तर आलं की वर्गणी टीव्हीवर नसते, घरावर असते. गणपतीची वर्गणी नेणारी पोरं निदान आरतीला तरी बोलावतात.

आई, शेजारच्या काकूंनी कुंपण सरकवलं तर आधी मोजून घे, मग भांड. त्यांच्या मुलाने नोकरी सोडली हे खरं का? गोरसपाक पोचला. चुरा पिंटूला दुधात घालून दिला, अख्खी बिस्किटं मी तांदळाच्या डब्यात लपवलीत.

आता कचरापेटीतून फोटो एकेक करून परत येताहेत. त्यात एक अंगणातला आहे. बाजेवर कुरडया वाळताहेत आणि कडेला नुसता आईचा हात, कावळ्याला हाकलणारा. कोणी काढला कोण जाणे. बघत बसले आणि वरण करपलं.

बाबा, पुन्हा पेटी भरली तर आमचे बर्फातले फोटो खुशाल उडवा. त्या एकाला हात लावू नका.

तुमची,
छोटी